रॅम वाढवली आणि संगणक अडखळू लागला

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपमध्ये रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक आहेत. व्हिडिओ संपादनाला रॅम अपुरी पडू लागली म्हणून ८ जीबीच्याच आणखी दोन, पण वेगळ्या कंपनीच्या स्टिक बसवल्या. चारहींवर ३२०० असे छापलेले आहे आणि विंडोजमध्ये ३२ जीबी दिसतेही. पण तेव्हापासून कधी निळ्या पडद्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असा संदेश येतो, कधी ब्राउझर आपोआप बंद होतो, आणि मोठी झिप फाइल उघडताना ‘सीआरसी एरर’ येतो. विंडोजमधील मेमरी तपासणीत मात्र काहीच निघाले नाही. विक्रेता म्हणतो, विंडोज नव्याने टाका. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : विंडोज नव्याने टाकू नये, निदान आत्ता तरी नाही. ज्या रॅमचा भरवसा नाही तिच्यातूनच नव्या विंडोजची प्रत्येक फाइल डिस्कवर उतरणार, म्हणजे नवी प्रतही बिघडलेली निघू शकते. याच कारणासाठी दोष सापडेपर्यंत बॅकअप घेणे आणि महत्त्वाच्या फाइली हलवणे थांबवावे, कारण बिघडलेली माहिती कोणतीही सूचना न देता जुन्या चांगल्या प्रतीवर लिहिली जाते.

आपण सांगितलेल्या लक्षणांपैकी झिप फाइलचे लक्षण सर्वांत बोलके आहे. झिप तयार होताना आतील प्रत्येक फाइलसाठी एक तपासणी-संख्या (सीआरसी) नोंदवली जाते आणि उघडताना ती पुन्हा काढून पडताळली जाते. एक बिट जरी बदलला तरी ती जुळत नाही. तीच झिप, दरवेळी संगणक पुन्हा सुरू करून, तीन-चार वेळा उघडून पाहावी. प्रत्येक वेळी त्याच फाइलवर अडत असेल, तर झिपच खराब उतरली असण्याचा संभव जास्त. एकदा या तर एकदा भलत्याच फाइलवर अडली, किंवा मध्येच एकदा बिनतक्रार उघडली, तर संशय रॅमवर घ्यावा.

आता ‘३२००’ या आकड्याविषयी. तो फक्त वेग सांगतो. जुन्या स्टिक एक्सएमपी प्रोफाइलवर (कंपनीने स्टिकमध्येच नोंदवलेल्या जादा वेगाच्या मांडणीवर) १.३५ व्होल्टने आणि सीएल १६ अशा कडक टायमिंगने (सीएल म्हणजे रॅम किती चक्रांत उत्तर देते तो आकडा, लहान तितका कडक) चालणाऱ्या असू शकतात, तर नव्या १.२ व्होल्ट आणि सीएल २२च्या साध्या प्रतीच्या. लेबल नीट वाचल्यास हा फरक दिसतो. मदरबोर्ड मात्र चारही स्टिकना एकाच टायमिंगवर चालवतो, त्यामुळे जुन्यांचे प्रोफाइल नव्यांच्या गळ्यात पडते. शिवाय रायझन ३००० मालिकेसाठी एएमडीने दोन स्टिकना ३२०० हा वेग दिला असला, तरी चार सिंगल-रँक स्टिकना (रँक म्हणजे स्टिकवरील चिपांचा एकत्र चालणारा गट) २९३३ आणि चार ड्युअल-रँक स्टिकना २६६७ एवढीच ग्वाही दिलेली आहे. म्हणजे चारही स्टिक निर्दोष असूनही आपल्याला हा त्रास होऊ शकतो, आणि माझा पहिला संशय याच जागी आहे.

म्हणून बायॉसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या मांडणीत) जाऊन एक्सएमपी (काही बोर्डांवर हेच डीओसीपी या नावाने असते) बंद करावे आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवावा. विंडोजची तपासणी मूळ मांडणीत वरवरची असते, तेव्हा तिच्या निर्वाळ्यावर विसंबू नये. मेमटेस्टमध्ये एकही लाल ओळ चालत नाही. ‘दोनच तर एरर आहेत’ असे म्हणून सोडून देऊ नये.

रात्रभरात काहीच निघाले नाही, तर दोष वेगाचा होता. मग वेग हाताने २६६६ (म्हणजे वरचाच २६६७) ठेवावा, २९३३ करून पाहायचा असल्यास मेमटेस्ट पुन्हा चालवावा. व्हिडिओ संपादनात या फरकापेक्षा जादा १६ जीबीचाच उपयोग अधिक होईल. एक्सएमपी बंद असूनही एरर आले, तर एकेक स्टिक प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून तपासावी. एरर एकाच स्टिकबरोबर फिरत असेल तर ती स्टिक खराब. चांगली ठरलेली स्टिकही एखाद्या ठरावीक स्लॉटमध्येच अडत असेल तर दोष स्लॉटचा. स्टिक काढण्यापूर्वी वीज बंद करून वायर काढावी, आणि बसवताना खटका नीट लागल्याची खात्री करावी. दुकानांत स्टिकचे सोनेरी टोक खोडरबराने घासण्याची पद्धत आहे. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे बरे, कारण रबराचा भुगा स्लॉटमध्येच जाऊन बसतो.

स्टिक खराब ठरल्यास मेमटेस्टच्या पडद्याचे छायाचित्र काढून वॉरंटीत बदलून मागावी. पण प्रत्येक स्टिक एकेकटी निर्दोष असून चौघींचे जमत नसेल, तर वॉरंटीचा दावा टिकणार नाही. विक्रेत्याशी बोलून नव्या दोन्ही परत कराव्यात आणि १६ जीबीच्या दोन स्टिकचा एकत्रित संच घेऊन तोच वापरावा.