मेणबत्ती अलीकडच्या बाजूलाच ठेवली होती

प्रश्न: दादा, माझा मुलगा अकरावीत आहे आणि हल्ली त्याला नॉर्बेर कास्तेरे नावाच्या फ्रेंच गुहावाल्याचं वेड लागलंय, म्हणतो तो मेणबत्ती घेऊन पाण्याखालून एकटा गुहेत शिरला. अहो, पाण्यात मेणबत्ती पेटती राहते होय? आणि आता याला पावसाळ्यात मित्रांबरोबर पातालपानीच्या धबधब्याला जाऊन असलंच काही करायचंय. काय सांगू?
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, मेणबत्ती त्याने पाण्यात नेलीच नव्हती. 1922 ची गोष्ट, फ्रान्सच्या दक्षिणेला पिरेनीज डोंगररांगेच्या पायथ्याशी मोंतेस्पाँची गुहा, आतून ओढा वाहतो आणि एका जागी छत खाली येऊन थेट पाण्याला टेकतं. पंचविशीतल्या या पठ्ठ्याने मेणबत्ती भिंतीच्या कंगोऱ्यावर ठेवली, श्वास भरला, हात छताला लावून चाचपत पलीकडे निघाला. मिट्ट काळोख. आणि मग काय केलं? लगेच उलटा फिरला! मुलं हा भाग सांगत नाहीत बघा. दुसऱ्या दिवशी काड्या आणि मेणबत्त्या पोहायच्या रबरी टोपीत बंद करून पुन्हा गेला. (आमच्याकडे लाइट गेली की काडेपेटी सापडते ती सिंकजवळ, ओली.)

पुढच्या वर्षी मित्राला घेऊन तो परत तिथे शिरला तेव्हा आत मातीचं अस्वल सापडलं, आदिमानवाने घडवलेलं, बिनडोक्याचं, अंगावर भाल्यांची भोकं आणि पुढच्या पंजांमध्ये खऱ्या अस्वलाची कवटी पडलेली. 1931 मध्ये तर त्याने डोंगरातल्या एका विवरात 60 किलो हिरवा रंग ओतला, पाणी तिथे गडप व्हायचं ना, आणि डोंगरापलीकडे गारोन नदीचा झरा हिरवा झाला, म्हणजे नदीचं पाणी मुळात कुठून येतं ते कळलं. हे सगळं त्याने पुस्तकांत लिहिलं, म्हणून तर तुमच्या चिरंजीवांपर्यंत पोचलं.

पण त्याला 1952 चंही वाचायला सांगा. पिएर सेंट मार्टिनच्या खोल विवरात त्याचा जोडीदार मार्सेल लुबाँ दोरावरून वर येत होता, दोराला धरणारा क्लॅम्प सुटला, तो खाली पडला आणि गेला. मृतदेह बाहेर काढायला 1954 उजाडलं. कास्तेरे त्या मोहिमेत होता.

पातालपानीला पावसाळ्यात वरून अचानक पाणी येतं, तिथे साफ नाही म्हणा, यात भाव करू नका. त्याऐवजी भोपाळजवळ भीमबेटकाला न्या, तिथेही आदिमानवाची चित्रं असलेल्या गुहा आहेत, आपल्या पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी 1957 मध्ये शोधलेल्या. पहाटे निघालात तर रात्री घरी, डबा मात्र घरूनच न्या.