तहसीलदाराच्या गाडीवर पिवळा दिवा चालतो का?

नाही भाऊ, चालत नाही. लाल असो, पिवळा असो की निळा, साहेबाच्या रुबाबाचा दिवा १ मे २०१७ पासून बंद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०८ ची ती तरतूदच काढून टाकली. तेव्हापासून राष्ट्रपतींच्या गाडीवरही दिवा नाही, मग तालुक्याच्या बोलेरोचं काय घेऊन बसलात!

लाल-निळा-पांढरा दिवा उरला तो आग विझवणं, पोलीस बंदोबस्त आणि आपत्तीच्या कामाला नेमलेल्या गाड्यांना. तोही ड्युटीवर असतानाच. काचेवर परिवहन विभागाचं स्टिकर पाहिजे. ॲम्ब्युलन्सची गोष्ट वेगळी.

आता तुम्ही म्हणाल, पुरात तहसीलदारच तर गावोगाव फिरतो. फिरतो ना, पण परवानगी गाडीच्या नेमून दिलेल्या कामाला असते, खुर्चीला नाही. आमच्याकडं कापसाच्या बंड्या लागल्या होत्या तिथं एक साहेब दिवा फिरवत घुसले. बैल बुजले, अर्धी बंडी रस्त्यावर. विचारलं तर म्हणे, ‘मीटिंग आहे.’

टपावर चुंबकानं चिकटवलेला दिवा दिसला, तर नंबरसकट फोटो काढा आणि आरटीओकडं लेखी तक्रार द्या. पोचपावती मात्र घ्याच.