संडेस्कूलमध्ये जगातली गरिबी कशी शिकवावी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमच्या चर्चच्या मंडळीत बालदिनाच्या रविवारी 9 ते 12 वर्षांच्या मुलांचा वर्ग ‘जगातली गरीब मुलं’ या विषयावर घ्यायचा आहे. मागच्या वर्षी पडद्यावर आफ्रिकेतल्या हाडं दिसणाऱ्या मुलांचे फोटो दाखवले. दोघी रडल्या, मागची मुलं हसली, आणि पुढच्या रविवारी कुणालाच काही आठवत नव्हतं. यंदा काय करावं? – शिक्षिका, श्रीरामपूर

उत्तर : फोटो नकोतच. नऊ वर्षांच्या मुलाला त्या फोटोत मूल दिसत नाही, रोग दिसतो. मग ते घाबरतं, नाहीतर हसून भीती घालवतं. त्यापेक्षा त्यांच्या हाताला काही लागेल असं करा. सव्वा तास पुरतो.

सुरुवात बायबलमधल्या मार्क 9:33-37 ने करा. वाटेत शिष्यांचा ‘आपल्यात मोठा कोण’ हा वाद झाला होता. कफर्णहूमच्या घरात पोचल्यावर तो विषय निघाला, तेव्हा प्रभू खाली बसला, बाराही जणांना बोलावलं, एका बालकाला घेऊन त्यांच्या मधोमध उभं केलं आणि मग कवेत घेतलं. हा क्रम मुलांना करून दाखवायला लावा. बारा खुर्च्या गोल मांडा आणि मध्ये एक मूल. मात्र ते मूल चिठ्ठी टाकून निवडा. वर्गातलं सगळ्यात लहान किंवा सगळ्यात गरीब मूल निवडलंत, तर धडा तिथेच बिघडला.

आता कडं. जाड कागदाची 14 सेंटिमीटर लांब, 2 सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. एका टोकापासून 11.5 सेंटिमीटरवर खूण करा, ते टोक खुणेपर्यंत आणून चिकटवा. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर या कड्याहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित, म्हणजे ‘सॅम’. 11.5 ते 12.5 मध्ये असेल तर मध्यम, ‘मॅम’. अंगणवाडीताईंकडची लाल-पिवळी-हिरवी पट्टी याच मापाची असते. आता मुलांना टेबल टेनिसचा चेंडू त्या कड्यातून घालायला सांगा. जात नाही, चेंडूचा घेर साडेबारा सेंटिमीटर आहे. वर्ग इथे आपोआप शांत होतो, तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

हमखास होणारी चूक म्हणजे मुलं कडं स्वतःच्या दंडावर चढवून बघतात आणि बारीक अंगाच्या मुलीला चिडवतात. दहा वर्षांच्या मुलाला हे माप लागूच नाही, हे आधीच सांगा आणि कडी चेंडूबरोबर टेबलावरच ठेवा. एखाद्या धाकट्या भावंडाची शंका आली, तर वर्गात मोजू नका. आईला बाजूला घेऊन अंगणवाडीत न्यायला सांगा.

तिसरा भाग जलसंजीवनीचा, कारण मुलांना फक्त दुखणं दाखवून घरी पाठवायचं नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, 5 मिलिलिटरचा. शीग लावली की बिघडलं. मीठ जास्त झालं तर जुलाब झालेल्या बाळाला ते घातक ठरतं, म्हणून चव अश्रूंहून खारट नको. दुकानातलं मोठं पाकीट एक लिटरचं असतं. लोक ते पेल्याभर पाण्यात कालवतात, तेही चूकच. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी पिंपांत साखर-मीठ-पाण्याचं द्रावण कालवून नातेवाइकांच्या हातून पाजलं. तिथला मृत्यूचा आकडा शेकडा तीसच्या आसपासून चारच्या खाली आला. मुलांना ही गोष्ट फार आवडते, आणि ती शंभर टक्के खरी आहे.

आकडे दोनच सांगा. 2023 मध्ये जगात पाच वर्षांखालची 48 लाख मुलं दगावली. आणि 1990 पासून हा मृत्युदर निम्म्याहून खाली आला आहे. दुसरं वाक्य गाळलंत तर मुलं हताश होतात, पहिलं गाळलंत तर बेफिकीर. ‘दिवसाला 3 डॉलर’ ही जागतिक बँकेची रेषा मात्र या वयाला सांगू नका. सांगायचीच झाली तर डॉलरच्या बाजारभावाने गुणू नका. ती रेषा क्रयशक्तीच्या, म्हणजे त्या पैशांत कुठे किती वस्तू येतात याच्या, हिशेबातली आहे, आपल्याकडे तिचे रुपये बरेच कमी होतात.

शेवटच्या प्रार्थनेत ‘गरीब मुलांसाठी’ असं मोघम नको. एका जागेचं नाव घ्या, तिथल्या एका अडचणीचं नाव घ्या.

प्रश्न : जागा कुठली निवडावी? परदेशातलीच हवी का? मुलांना आफ्रिका म्हणजे गोष्टीतलं काहीतरी वाटतं. – तरुण संघाचा कार्यकर्ता, जालना

उत्तर : एक जवळची, एक लांबची घ्या आणि दोन्हीकडे मुलांना कामाला ओढणारी दोरी एकच आहे हे दाखवा.

जवळची जागा तुमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात आहे. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला ‘कोयता’ म्हणतात. दिवाळीच्या सुमारास मजूर पुरवणारा मुकादम त्या कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. हंगामभर तोडीतून ती फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. घरी आजी नसेल तर मुलंही उसाच्या फडावर येतात आणि दहा-अकरा वर्षांची पोरगी कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळत बसते. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी परतेपर्यंत शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. म्हणून गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहं महत्त्वाची.

लांबची जागा घाना आणि आयव्हरी कोस्ट. जगातल्या कोकोपैकी निम्म्याहून जास्त या दोन देशांत पिकतो. 2020 च्या पाहणीत तिथल्या कोको-शेतीत राबणारी 15 लाख 60 हजार मुलं मोजली गेली. कोयत्याने फळ फोडणं, ओझी वाहणं, फवारणी ही त्यांची कामं. इथे आईबाप दुष्ट नसतात. कोकोला मिळणाऱ्या भावात मजूर लावणं परवडत नाही.

मग 2 राजे 4:1-7 वाचा. सावकार विधवेची दोन मुलं दास करून न्यायला आला आहे. अलीशा संदेष्टा मुलांना आश्रमात ठेवत नाही. ‘घरात काय आहे?’ असं विचारतो. कुपीभर तेल. शेजाऱ्यांकडून भांडी आणायची, मुलं भांडी हातात देणार, आई ओतणार. तेल विका, देणं फेडा, उरलेल्यावर जगा. चमत्कार आहेच, पण हिशेबही किती चोख आहे बघा.

प्रश्न : ‘मुलं निरागस असतात म्हणून देवाचं राज्य त्यांचं’ असा उपदेश आम्ही ऐकत आलो. बरोबर आहे ना? – वाचक, वसई

उत्तर : घरात दोन मुलं असलेल्या माणसाला निरागसतेचं फार सांगायला नको. मार्क 10:13-16 मध्ये मुलांचा एकही गुण सांगितलेला नाही. शिष्य आणणाऱ्यांना दटावतात, प्रभूला राग येतो, तो मुलांना जवळ घेतो.

त्या काळात मुलाची किंमत काय होती, हे इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथे सापडलेल्या एका पत्रातून कळतं. इ. स. पूर्व 1 मध्ये हिलॅरिऑन नावाचा मजूर अलेक्झांड्रियाहून बायकोला प्रेमाने लिहितो, पगार मिळाला की पाठवतो म्हणतो, आणि त्याच दमात लिहितो की मुलगा झाला तर राहू दे, मुलगी झाली तर टाकून दे. लिहिणारा राक्षस नव्हता. तशी रीतच होती. पहिल्या मंडळ्यांच्या ‘डिडाखे’ या शिकवणुकीत गर्भ पाडू नको, जन्मलेलं मूल मारू नको, अशी स्पष्ट आज्ञा आहे ती याच जगात. मूल्य गुणावर ठरलं तर गुण कमी पडलेलं मूल पुन्हा उकिरड्यावर जातं. आपल्याकडे 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणून केडगावला आसरा दिला. त्यांतली कुठली गुणी, हे विचारायला त्या थांबल्या असत्या, तर मुक्ती मिशन उभं राहिलं नसतं.

प्रश्न : सात वर्षांचा मुलगा विचारतो, ‘देवाने त्यांना गरीब का केलं?’ काय सांगू? – एक आई, पुणे

उत्तर : ‘देवाने केलं नाही’ एवढं आज सांगा. ‘आपण आभार मानू की आपण तसे नाही’ हे मात्र कधीच नको. बायबलमधल्या, स्वतःला धार्मिक समजणाऱ्या परूश्याची प्रार्थना तीच होती. मुलगा मोठा झाला की योहान 9 मधला आंधळा आणि आमोस 2:6 मधले वहाणांच्या जोडीसाठी विकले गेलेले गरीब, दोन्ही वाचा.

प्रश्न : नाताळच्या अर्पणातून एका बालगृहाला मोठी रक्कम द्यायची आहे. अमेरिकेतले काही नातेवाईकही देणार आहेत. काय तपासावं? – पंच कमिटी सदस्य, कोल्हापूर

उत्तर : आधी बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 41 खालची नोंदणी बघा. मग प्रत्येक मुलामागे बाल कल्याण समितीचा आदेश आहे का ते विचारा. तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण सगळ्यात महत्त्वाचा तोच : किती मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत? बरीच मुलं अनाथ नसतात, घरी भागत नाही म्हणून आलेली असतात. अशा घरासाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे, महिना 2,250 रुपये. आणि मिशन वात्सल्यचं प्रायोजकत्व, महिना 4,000 रुपये, त्याला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 72,000 आणि शहरात 96,000. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. मंडळीतल्या दोघांनी कागद गोळा करायला मदत केली, तर तुमच्या रकमेहून जास्त काम होईल. बहुतेक अर्ज अडतात ते मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा मुलाच्या नावाचं बँक खातं नसल्यामुळे.

संस्थेने पाहुण्यांसमोर मुलांना रांगेत उभं करून गाणी म्हणायला लावली किंवा फोटो-नावासह पत्रक छापलं, तर तिथेच थांबा. कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

पैसे रोख देऊ नका. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरात सूट नाही. नातेवाईक अजून भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असतील, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असूनही ती परदेशीच. मग संस्थेकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच आले पाहिजेत. ‘माझ्या खात्यावर टाका, मी पोचवतो’ असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा, मग तो पाळक का असेना.