मित्रांचा घटस्फोट, थांबलेल्या तालमी आणि राहून गेलेला रियाज

प्रश्न : मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहते. आयटीतली नोकरी आहे. शनिवारी सकाळी पुण्यातल्या ताईंकडे ऑनलाइन गाणं शिकते. इथे आमचा आठ-नऊ जणांचा गाण्याचा ग्रुप आहे, मंडळाच्या गणपतीला, कोजागरीला, दिवाळीला आम्ही कार्यक्रम करतो. गेल्या वर्षी ग्रुपमधलं एक जोडपं वेगळं झालं. तो तबला वाजवतो, ती माझ्याबरोबर गाते. दोघंही जिवाभावाचे. तेव्हापासून तालमी बंद आहेत, कारण कोणाला बोलवायचं तेच ठरत नाही. माझ्या मुलीने मध्यमा प्रथमची परीक्षा दिली आणि गाणं सोडलं. नवरा म्हणतो, शनिवारी आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं. मिरजेची बालमैत्रीण म्हणते, तू आता फक्त स्टेटस बघतेस. सगळं सांभाळायला जाते आणि काहीच धड होत नाही, रियाजही राहून जातो. यातलं काय सोडू?

उत्तर : सोडायचं काय हे आत्ता ठरवू नका. तुमच्या पत्रातली निम्मी दमणूक त्या दोघांमुळे आलेली दिसते, तेव्हा आधी तेच बोलू.

परदेशात गाण्याचा ग्रुप नुसता गाण्यापुरता राहत नाही. बाळंतपणात डबे त्याच लोकांनी पोचवलेले असतात, सासूबाईंना आणायला नेवार्कच्या विमानतळावर तेच गेलेले असतात. गावाकडे लग्न मोडलं तर माहेर असतं, मावशी असते, चुलतभाऊ असतो. इथे ते सगळं तुम्हीच आठ-नऊ जण. म्हणून त्या दोघांनाही तुमच्याकडून माहेरासारखा आधार हवा आहे. पण बोलावणं कोणाला द्यायचं हे तुम्ही त्यांच्या वतीने ठरवायला बसलात, की आपोआप पंचाच्या खुर्चीत जाऊन बसता. ती खुर्ची घेऊ नका.

करायचं असं : दोघांना वेगवेगळा फोन करा, मेसेज नको. दोघांनाही शब्दशः एकच सांगा. 'पुढच्या महिन्यापासून तालीम सुरू करतोय, दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता. त्यालाही सांगितलंय', आणि त्याच्याशी बोलताना 'तिलाही सांगितलंय'. 'तुला जमेल तसं ये.' एवढंच. ती म्हणाली, 'तो येणार असेल तर मी येत नाही', तर 'बरं' म्हणा. मनधरणी करू नका, रागावूही नका. हा फोन झाल्यावर तो काय म्हणाला ते तिला सांगायचं नाही, ती काय म्हणाली ते त्याला सांगायचं नाही. ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त नुकसान या निरोप्यांनीच होतं, आणि ते करणारी माणसं बहुतेक वेळा चांगल्या मनाचीच असतात.

एक अपवाद मात्र ठामपणे सांगते. या घटस्फोटामागे मारहाण, धमक्या, पाठलाग असं काही असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. मग दोघांना सारखं वागवणं हा न्याय नव्हे. तिची येण्याजाण्याची वेळ, तिचा पत्ता, मुलांची शाळा यातलं काहीही त्याच्या कानावर जाऊ देऊ नका, आणि तालमीला तिलाच बोलवा. तुमच्याच राज्यात मानवी ही संस्था १९८५ पासून घरातला छळ सोसणाऱ्या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते आहे. तिला ते नाव माहीत असू द्या.

तसं काही नसेल, तर अडचणी बहुतेक साध्या असतात. त्यांना मूल असेल, तर ते एक आड एक शनिवार-रविवार बाबाकडे असण्याची शक्यता मोठी आहे. मग तो तालमीला येत नाही याचं कारण तुमच्यावरचा राग नसेलही. मुलाबरोबर मिळालेले दोन दिवस त्याला ग्रुपमध्ये घालवायचे नसतील. त्याला विचारा, 'कोणता शनिवार तुझा मोकळा असतो?' हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

कार्यक्रमाचं म्हणाल, तर त्या दोघांना लगेच शेजारीशेजारी बसवायची गरज नाही. ती गाईल तेव्हा तबल्यावर दुसरं कोणीतरी बसू दे. मंडळात तबला शिकणारी कॉलेजवयाची मुलं असतातच. दादरा आणि केरवा हे दोन ताल नीट वाजवता येणारा मुलगा तुमचा भावगीतांचा अर्धा कार्यक्रम सहज पेलेल, आणि त्याला ती संधी एरवी मिळणार नाही. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढच्या अधिवेशनासाठी नाव द्यायचा विचार असेल तर यंदा राहू द्या. ते दर दोन वर्षांनी येतं.

आणि त्याचा तबला अजून तुमच्या बेसमेंटमध्ये असेल (तालमी ज्या घरी होत, त्या घरी वाद्यं राहतातच), तर तो थंडीआधी त्याच्याकडे पोचवा. हीटिंग सुरू झालं की हवा कोरडी होते, पुडी (तबल्याचं वरचं कातडं) ताणली जाते, सूर चढतो, आणि नुसत्या पडून राहिलेल्या तबल्याची पुडी फाटायला वेळ लागत नाही. स्वतः घेऊन जा. दारातच देऊन परत फिरू नका, आत या म्हणाला तर चहा घ्या.

आता घरातलं. यजमानांचं वाक्य वाचून तुम्हाला राग आला असणार, तरी ते नीट ऐका. त्यांना गाण्याचा त्रास आहे की गाण्याभोवतीच्या गर्दीचा, हे एकदा सरळ विचारा. दर तालमीला दहा जणांचा चहा, पोहे, चपलांचा ढीग, नंतरची भांडी, आणि हे सगळं तुमच्याकडेच, असं चाललं असेल तर तालीम फिरती करा. ज्याच्या घरी तालीम त्याच्याकडे फक्त चहा, खाणं ज्याने त्याने घरून करून यायचं.

शनिवारच्या शिकवणीचं तर एक अगदी व्यवहारी उत्तर आहे. भारतात घड्याळ बदलत नाही, तुमच्याकडे वर्षातून दोनदा तासाने बदलतं. ताई पुण्यात संध्याकाळी साडेपाचला शिकवत असतील, तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर तुमच्याकडे सकाळचे सात वाजलेले असतात. घर झोपलेलं असतं, कोणाची तक्रार नसते. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर तीच वेळ आठवर येते, आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून करायचा नाश्ता नेमका बंद दाराबाहेर होतो. फेब्रुवारीतच ताईंना विचारा, उन्हाळ्यापुरता तास साडेचारला घेता येईल का. त्यांच्याकडे तेव्हा दुसरी विद्यार्थिनी असेल तर अदलाबदल होऊ शकते. म्हणजे बारा महिने तुमचे सातच राहतील. बाहेर डिसेंबरचा सूर्य जेमतेम उगवत असताना ताई संध्याकाळचा पूरिया धनाश्री शिकवत असतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. शिकताना वेळ पाळता आली नाही तरी रियाजाला तो राग तुम्ही संध्याकाळी गाऊ शकता.

रियाज होत नाही म्हणता, तो तासभराचा व्हायला हवा असं धरून बसल्यामुळे होत नसावा. सकाळी वीस मिनिटं तंबोऱ्याच्या ॲपवर खर्ज (खालच्या सप्तकातले सूर) आणि एकाच रागाचे पलटे (स्वरांचे ठरलेले क्रम). बाकी काही नाही झालं तरी चालेल, एवढं मात्र चुकवू नका. उरलेला रियाज गाडीत करायचा मोह होतो, तो टाळा. हायवेवरच्या आवाजावर चढवून गायलं की गळा ताणला जातो आणि सूर लागला की नाही ते ऐकूही येत नाही. गाडीत बंदिशीचे शब्द पाठ करा, ताईंचं रेकॉर्डिंग ऐका.

मुलीने गाणं सोडलं याचं दुःख तुमचं आहे, ते तिच्यावर टाकू नका. मध्यमा प्रथमपर्यंत येणं म्हणजे तिने कितीतरी शनिवार तुमच्यासाठी दिलेत. तिचा तंबोरा, वह्या आवरून माळ्यावर टाकू नका, आणि समोर मांडूनही ठेवू नका. तिची त्या दोघांच्या मुलांशी मैत्री असेल तर ती आहे तशी चालू राहू द्या. त्यांच्या घरी झोपायला जाणं, वाढदिवस, सगळं. फक्त तिथून आल्यावर 'तिकडे काय चाललंय' असं विचारायचं नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला आपला हेर केला जातोय हे लगेच कळतं.

राहिली मिरजेची मैत्रीण. शनिवारी रात्री नऊला तुमची भांडी आवरत असतात, तेव्हा तिच्याकडे रविवारची सकाळ असते, उन्हाळ्यात साडेसहा, थंडीत साडेसात. फोन स्पीकरवर ठेवून ओट्यापाशी उभ्या उभ्या अर्धा तास बोलता येतं, व्हिडिओची गरज नाही. ग्रुपमधल्या दोघांचं प्रकरण पहिल्याच फोनला काढू नका. तिच्या आईचं, तिच्या गुडघ्याचं, तिच्या शाळेतल्या बदलीचं आधी विचारा. तुमच्याकडचं सांगायला पुढचा शनिवार आहे.