ठाण्यात नोकरी, शहापूरकडे भातशेती: पैसे भरून शेती-सल्ल्याचं ॲप घ्यावं का?

तुमचा वरचा प्रश्न वाचला. माझं अगदी तुमच्यासारखंच आहे, राहतो कळव्यात, शनिवारी आसनगाव लोकल पकडून गावी जातो, दीड एकर भात, बाकीचे दिवस शेत काकांच्या जिवावर. म्हणून 2 वर्षांपूर्वी मीपण एका कंपनीचं ॲप वर्षाचे पैसे भरून घेतलेलं, नाव नाही सांगत. उपग्रहावरून शेताचा फोटो, हिरवं-पिवळं-लाल, ऑफिसात बसून बघायला भारी वाटायचं. पण उपग्रह दर 5 दिवसांनी फिरून आला तरी आपल्याकडे जुलै-ऑगस्टात आभाळ गच्च, त्याला खालचं दिसणार काय? नेमकं खत टाकायच्या वेळेला स्क्रीनवर पांढरे ढग. एकदा तर खाचरात गुडघाभर पाणी आणि ह्याचा मेसेज, आज पाणी द्या! काकांना वाचून दाखवला तर म्हणाले, "त्याला म्हणावं छत्री घेऊन ये इकडं."

तर भातासाठी तरी मी परत पैसे भरणार नाही. द्राक्षं, पॉलिहाऊस असलं तर गोष्ट वेगळी, तिथे ठिबकने पाणी-खत मोजून द्यायचं असतं, सेन्सरचा उपयोग होतो.

फुकटातलं मात्र चांगलंय आणि आपण तेच वापरत नाही. किसान कॉल सेंटर, 1800-180-1551, सकाळी 6 ते रात्री 10, मराठीत बोलतात. मागच्या ऑक्टोबरात शेताच्या मधेच गोल गोल चट्टे वाळायला लागले, काका म्हणत करपा रोग, मी म्हणतोय पाणी कमी पडलं. फोन लावला, काकांना कॉन्फरन्सवर घेतलं, तर मॅडमनी पहिलं हेच विचारलं की चूड (म्हणजे भाताच्या रोपांचा झुबका) वाकवून बुडाशी बघितलंत का. काका बांधावरच होते, वाकवून बघितलं तर बुंध्याला तपकिरी तुडतुडे, रस शोषणारे बारीक किडे, नुसते बुजबुजलेले. लावणी दाट, त्यात युरिया जास्त, तेच कारण. शेतातलं पाणी काढा म्हणाल्या आणि औषध बुंध्यावर पडलं पाहिजे, वरवर मारून काही होत नाही.

हवामानासाठी मेघदूत ॲप ठेवा, हवामान खात्याचंच आहे. आणि मे महिन्यात माती तपासून घ्या, 8-10 जागची वीतभर खोल माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो द्यायची, बांधाजवळची नको. (माझा पहिला नमुना उकिरड्याशेजारचा होता, रिपोर्ट इतका झकास आला की काकांनाच संशय आला.) खताच्या बाबतीत मला सगळ्यात पटलेलं तंत्रज्ञान म्हणजे युरिया आणि डीएपी ह्या खतांच्या दाबून केलेल्या गोळ्या, चार चुडांच्या मधोमध एक, 7 ते 10 सेंमी खोल खोचायची, पावसात खत वाहून जात नाही. कंबर मोडते पण.

तुमच्या शेतावर रोज कोण जातं ते तुम्ही लिहिलं नाहीत. जो कोण जात असेल त्याला आधी बरा कॅमेरावाला फोन आणि रिचार्ज करून द्या, ॲपचं नंतर बघा. मी काकांना दिवाळीत दिला, आता दिवसातून चारदा पानांचे फोटो येतात, अर्ध्यांत अंगठाच असतो.