वाचक विचारतात : काइटसर्फिंगचं (पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर सरकण्याच्या खेळाचं) पहिलं सामान

प्रश्न : माझं वजन ६८ किलो. गोव्यात तीन दिवस शिकून आलो. एक जण १२ चौरस मीटरचा जुना सी-आकाराचा पतंग बार (पतंग हाताळायचा दांडा) आणि दोऱ्यांसकट स्वस्तात देतो आहे. घेऊ का? (जळगाव)

उत्तर : नका घेऊ. सी-पतंगाचा बार पुढे ढकलला तरी जोर पुरता उतरत नाही. संक्रांतीच्या भाषेत, ढील दिली तरी तो ओढतच राहतो. २००५ च्या सुमारास आलेल्या बो प्रकारात आणि पुढे डेल्टात, पुढच्या फुगीर कडेला ब्रायडलच्या, म्हणजे आधाराच्या छोट्या, दोऱ्या असतात. त्यामुळे बार सोडला की बहुतेक जोर जातो. नवशिक्याला असाच पतंग हवा.

जुना बो किंवा डेल्टा मिळाला तर संध्याकाळी पंपाने टणक फुगवून रात्रभर सावलीत ठेवा. गारव्याने दाब थोडा उतरतो, ते चालेल. सकाळी कडा हाताने सहज दुमडली, तर आतला ब्लॅडर (हवेची पिशवी) किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. कापड चुरगळून पाहा. चांगलं कापड कागदासारखं वाजतं, उन्हाने खाल्लेलं मऊ पडतं आणि शिवणीजवळ पहिलं फाटतं.

मग दोऱ्या. चारही टोकं एकाच खिळ्याला अडकवा, पॉवर कमी करणारा पट्टा पूर्ण सैल सोडा आणि बार अंगाकडे ओढून ताणून धरा. बार सरळ आणि चारही दोऱ्या सारख्या ताणलेल्या हव्यात. वजन पुढच्या दोऱ्यांवर येत असल्याने वापरात त्याच लांबतात. मागच्या तुलनेने आखूड पडतात आणि पतंग हवेत थबकून मागे मागे घसरतो. शिकणाऱ्याला वाटतं, आपलंच काही चुकतंय. मागच्या दोऱ्या पतंगाच्या टोकावरच्या, पतंगापासून लांबच्या गाठीत अडकवून फरक भरून काढता येतो. दोरीत पडलेली गाठ मात्र तशीच ठेवू नका, दोरी तिथेच तुटते.

शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. बारच्या दोऱ्या भक्कम फांदीला बांधा, हार्नेस (पतंगाची ओढ अंगावर घेणारा पट्टा) घालून बारची कडी त्याला अडकवा, अंगाचा भार द्या आणि एका हाताने क्विक रिलीज, म्हणजे संकटात पतंगापासून सुटका करणारी कळ, ढकला. अडकला तर व्यवहार तिथेच संपवा. या रिलीजसाठी २०२० साली आयएसओ २१८५३ हे मानक आलं. ते पाळणारा बार मिळाला तर उत्तम.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ, वजनं ५५ आणि ८० किलो. एका संचात भागेल? (धुळे)

उत्तर : पतंगात नाही भागणार. १५ ते २० नॉट वाऱ्यात, म्हणजे ताशी साधारण २८ ते ३७ किलोमीटरला, ८० किलोवाल्याला १२ चौरस मीटरचा आणि ५५ किलोवाल्याला ९ चा लागेल. मधला १० चा घेतला तर कमी वाऱ्यात ८० किलोवाला पाण्यातून उठणार नाही आणि जोराच्या वाऱ्यात ५५ किलोवाला फरफटत जाईल. फळी एक चालेल. १४० सेंटिमीटर लांब, ४२ रुंद अशी घ्या, शिकताना मोठी फळी दोघांनाही सोपी जाते. पंपही एकच पुरे. हार्नेस मात्र ज्याचा त्याचा, कमरेच्या मापाने. कमरेचा पट्टा सुरुवातीला बरगड्यांपर्यंत वर सरकतो, म्हणून मांड्यांतून पट्टे जाणारा सीट हार्नेस बरा. हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्ट दोघांनाही. ही व्हेस्ट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, ती आपटण्यापासून वाचवते.

प्रश्न : उकाई धरणाचं पाणी आमच्या नवापूर भागापर्यंत येतं. तिथे सराव करावा का? (नंदुरबार)

उत्तर : शिकणाऱ्याने करू नये. टेकड्यांवरून उतरणारा वारा झोतात येतो. एका क्षणी पतंग पडतो, दुसऱ्या क्षणी तोच हिसका देतो. पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात, मासेमारीची जाळी असतात, काठावर विजेच्या तारा असतात. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या फिरतात म्हणून धरणावरही तसाच सलग वारा मिळेल असं समजू नका, त्या पठारावर उंच उभ्या आहेत. पाण्यावरचे धडे समुद्रावर, प्रशिक्षकासोबतच घ्या. तमिळनाडूतलं रामेश्वरम त्यासाठी चांगलं.

घरी करण्यासारखं एक आहे. २ ते ३ चौरस मीटरचा ट्रेनर पतंग घ्या. पऱ्हाट्या उपटून मोकळ्या झालेल्या शेतात, तारांपासून दूर, ८ ते १२ नॉट वाऱ्यात उडवा. वाऱ्याकडे पाठ करून आधी पतंग डोक्यावर स्थिर ठेवायला शिका, मग आडवे आठ काढा, मग तेच एका हाताने आणि पतंगाकडे न बघता. हे जमलं की समुद्रावरचे शिकवणीचे तास वाचतात.

प्रश्न : सामान गाडीच्या डिकीत ठेवलं तर चालेल? (भुसावळ)

उत्तर : मे महिन्यात मुळीच नाही. बंद डिकीतल्या उष्णतेने व्हॉल्व्हचा गोंद सुटतो. पत्र्याच्या खोलीतही तेच. गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, सैल घडी घालून घरात ठेवा. फुगवलेला पतंग उन्हात सोडू नका, आतली हवा तापून शिवण उसवते. आणि उंदरांपासून जपा, बारदानाइतकंच त्यांना हे कापडही आवडतं.