वाचकांचे प्रश्न : साठीच्या उंबरठ्यावर ट्रायथलॉन

प्रश्न : माझे वय ५८ असून पुढील वर्षी नोव्हेंबरमध्ये मला साठ वर्षे पूर्ण होतील. गेली सहा वर्षे मी नियमित धावतो आणि रविवारी पहाटे पाम बीच मार्गावर सायकल चालवतो. लहानपणी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, पण त्यानंतर पाण्यात फारसा उतरलो नाही. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. कार्यालयातील दोन तरुण सहकाऱ्यांनी गोव्याची अर्ध-आयर्नमॅन ही ट्रायथलॉन (आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे) स्पर्धा पूर्ण केली, तेव्हापासून मलाही ती करावीशी वाटते. आणि नुसती हजेरी लावायची नाही, तर वयोगटात क्रमांक मिळवायचा आहे. मुलगा म्हणतो, ‘बाबा, या वयात शर्यत कशाला?’ माझे चुकते आहे का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : आपले मुळीच चुकत नाही. क्रमांकाची इच्छा आपण मोकळेपणाने लिहिलीत, याचा मला विशेष आनंद झाला, कारण या वयातील अनेक जण ती मनात असूनही ‘केवळ तब्येतीसाठी करतो’ असेच सांगत राहतात. ट्रायथलॉनमध्ये पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात आणि वय धरले जाते ते स्पर्धेच्या वर्षातील ३१ डिसेंबरचे. म्हणजे पुढील वर्षी आपण जानेवारीत उतरलात, तरी ६० ते ६४ याच गटात गणले जाल आणि त्या गटातील सर्वांत तरुण स्पर्धकांपैकी असाल. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिकला पूर्ण आयर्नमॅन, म्हणजे गोव्याच्या दुप्पट अंतराची स्पर्धा, केली, तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते, हे आपल्याला ठाऊक असेलच. अमेरिकेतील मॅडोना ब्युडर या ख्रिस्ती जोगिणीने तर धावायला सुरुवातच अठ्ठेचाळिसाव्या वर्षी केली आणि २०१२ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, तेच अंतर पार केले. तेव्हा वयाचा प्रश्न येथेच मिटवू.

माझी खरी काळजी आहे ती पाण्याची. धावणे आणि सायकल आपल्या अंगवळणी पडले आहे, मात्र पोहण्याबद्दल आपण एकच वाक्य लिहिले आहे आणि तेही बालपणाचे. अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांत १९८५ ते २०१६ या काळात मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या ज्या १३५ घटना नोंदल्या गेल्या, त्यांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या आणि एकूण घटनांत बहुसंख्य पुरुष होते. म्हणून कोणत्याही स्पर्धेचे शुल्क भरण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. ‘थोडा व्यायाम करतो’ असे मोघम न सांगता ‘मला शर्यत करायची आहे’ असे स्पष्ट सांगा आणि ईसीजी, टू-डी एको व स्ट्रेस टेस्ट यांपैकी आपल्याला काय आवश्यक आहे, ते त्यांना ठरवू द्या. गोळीचे नावही त्यांच्याशी बोलून घ्या. ती बीटा-ब्लॉकर गटातील असेल, तर नाडीचे ठोके एरवीइतके चढतच नाहीत. मग २०८ मधून वयाच्या सात-दशांश वजा करून येणारा आपला कमाल आकडा, म्हणजे सुमारे १६७, आणि त्यावर बेतलेला घड्याळाचा सल्ला दोन्ही फसवे ठरतात. त्यापेक्षा बोलता येते का, हे पाहावे. सरावाच्या बहुतेक दिवशी धाप न लागता एखादे पूर्ण वाक्य म्हणता आले पाहिजे.

मी स्वतः एकावन्नाव्या वर्षी या खेळात आले. तरणतलावात सलग दीड किलोमीटर पोहत होते, तरी पहिल्यांदा समुद्रात उतरले तेव्हा शंभर मीटरही धड गेले नाहीत. पाण्याखाली डोळे उघडले तर हिरवट गढूळपणात स्वतःचा हात कोपरापुढे दिसेना. तळाची काळी रेघ नाही, पंचवीस मीटरवर पायाने ढकलायला भिंत नाही, आणि शेजाऱ्याचा हात कानशिलावर बसला. छाती आवळल्यासारखी झाली. उताणी होऊन आभाळाकडे पाहत मी सावकाश श्वास सोडत राहिले आणि मग सुरक्षेसाठी ठेवलेल्या कयाकला, म्हणजे छोट्या वल्ह्याच्या बोटीला, हात घातला. बोटीला धरून पुढे सरकले नाही, तर नुसता आधार घेतल्याने स्पर्धक बाद होत नाही, हा नियम माहीत होता म्हणूनच संकोच न करता तो आधार घेता आला. तेवढ्या दोन मिनिटांनी माझी शर्यत वाचवली.

म्हणून येते सहा-आठ महिने आठवड्याचे तीन दिवस पाण्याला द्या. विहिरीत शिकलेले पोहणे सहसा डोके वर धरून असते. त्यामुळे पाय खाली बुडतात आणि दम लवकर जातो. प्रशिक्षकाकडून फ्रीस्टाइल नव्याने शिका: तोंड पाण्यात, श्वास पाण्यातच पूर्ण सोडलेला, मान सैल. वेगाचे पुढे पाहू. सलग ७५० मीटर, म्हणजे पंचवीस मीटरच्या तलावात तीस फेऱ्या, सहज होऊ लागल्या की दर सहा-आठ हातांनी केवळ डोळे पाण्यावर आणून समोरची खूण पाहण्याचा सराव करा. मग अनुभवी गट आणि जीवरक्षक सोबत असतील तेव्हाच खुल्या पाण्यात उतरा. आपल्या ठाण्याच्या खाडीत किंवा पावसाळ्यात पांडवकड्याच्या डोहात असे प्रयोग कृपा करून करू नका. गाळ आणि पाण्याची ओढ यांपुढे चांगल्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही.

गोव्याची स्पर्धा मात्र पहिली नको. तेथे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. आधी ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटरची स्प्रिंट करा, नंतर दीड, ४० आणि १० किलोमीटरची ऑलिंपिक अंतराची. अर्ध-आयर्नमॅन त्यानंतरच्या वर्षी. क्रमांकाच्या दृष्टीनेही हाच मार्ग शहाणपणाचा आहे, कारण वाढत्या वयात दम जितका टिकतो तितके स्नायू टिकत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम हवा आणि दोन कठोर सरावांमध्ये किमान अठ्ठेचाळीस तासांचे अंतर हवे. तरुण सहकाऱ्यांचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलाल, तर पोटरी किंवा टाच दुखावून दोन महिने घरी बसाल.

पाम बीचवर पहाटे मोटारी सुसाट असतात. मागेपुढे दिवे लावून गटानेच जा. सायकलवरून उतरून लगेच दहा मिनिटे धावण्याची सवयही आठवड्यातून एकदा करा, कारण त्या वेळी पाय ओंडक्यासारखे जड वाटतात आणि शर्यतीत ते प्रथमच अनुभवणे बरे नाही. आपल्याकडील दमट हवेत सरावापूर्वी आणि नंतर वजन करा. जितके किलो घट, साधारण तितके लिटर पाणी अंगातून गेले असे समजा. मात्र रक्तदाबामुळे मीठ किती घ्यावे, हे डॉक्टरांनाच विचारा. आणि तपासणीला जाताना मुलाला सोबत न्या. त्याच्या प्रश्नामागे भीती आहे; तिचे उत्तर त्याला डॉक्टरांच्या तोंडून मिळालेले बरे.

प्रश्न : मी ४९ वर्षांची असून येऊरच्या चढावर साध्या हायब्रिड सायकलने जाते. स्प्रिंट ट्रायथलॉनसाठी महागडी सायकल घ्यावीच लागेल का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : नाही. वीस किलोमीटरसाठी आपली सायकल पुरेशी आहे. ते पैसे पोहण्याच्या प्रशिक्षणावर आणि धावण्याच्या चांगल्या बुटांवर खर्च करा. रजोनिवृत्तीच्या सुमारास हाडांची घनता घटते, आणि पोहणे व सायकल यांमुळे हाडांवर पुरेसा भार येत नाही; म्हणून धावणे आणि वजने सोडू नका. स्पर्धेच्या दिवशी हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावू नका आणि ती परत स्टँडवर ठेवेपर्यंत तो सोडू नका. आदल्या दिवशी दोन्ही ब्रेक तपासा आणि हँडलच्या दोन्ही टोकांची बुचे जागेवर आहेत ना, ते पाहा. उघडे टोक पडल्यावर पोटात घुसते, त्यामुळे पंच तशी सायकल आत घेऊ देत नाहीत.